तिचा एकुलता गुडघा

इस्त्री करायची ती फक्त स्कीला. कपड्यांना इस्त्री करताना मी तिला कधी पाहिलं नाही. चुरगळलेला शर्ट घालून कामावर जायची आणि संध्याकाळी आमच्या गॅरेजमध्ये ती स्कीची लांब फळी दोन स्टुलांवर उताणी टाकून तिच्यावरून इस्त्री फिरवत बसायची. आधी मेणाची वडी तापलेल्या इस्त्रीला टेकवायची, मेण टपटप फळीवर पडायचं, मग इस्त्रीने ते सारखं करायची. गार झालं की पट्टीने खरवडून सगळं काढून टाकायची. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं, "काढायचंच होतं तर लावलंस कशाला?"

"आत मुरते ना, मावशी. वरचं काढायचं, मुरलेलं ठेवायचं. मग बर्फावर अशी सटकते!"

"आणि एकच का? दुसरी फळी कुठाय?"

"दुसरा पाय कुठाय?" असं म्हणून ती इतकी हसली की तिला स्टूल धरावं लागलं.

तिला उजवा पाय होता. डावा मांडीपासून नव्हता. एका पायावर, एका फळीवर उभी राहून ती बर्फाच्या डोंगरावरून खाली यायची. दोन्ही हातांत कुबड्या आणि कुबड्यांच्या टोकाला वीत-दीड वीत लांबीच्या छोट्या स्की. हायवेवर गाड्या पळतात त्या वेगाने. अशा माणसांच्या शर्यती असतात आणि त्यांत ती अख्ख्या अमेरिकेत पहिली यायची, हे मला कळायला बरेच महिने गेले. ती स्वतः कधी सांगायची नाही, आणि माझा मुलगा सांगायचा तेव्हा माझा विश्वास बसायचा नाही.

एकदा तिची इस्त्री बिघडली. तिने न विचारता माझ्या सुनेची इस्त्री नेली आणि काम झाल्यावर पुसून जागेवर ठेवली. पुसली म्हणजे तिच्या मते पुसली. दुसऱ्या दिवशी सुनेने रेशमी ब्लाउज काढला आणि पाठीवर मेणाचा हातभर डाग. "आई, तिला सांगा ना प्लीज! शी इज सो वीअर्ड! माझी कुठलीच वस्तू यूज करायची नाही म्हणावं." मी जाऊन सांगितलं. तिने डाग निरखून बघितला, नखाने खरवडला आणि म्हणाली, "चांगलं मेण आहे हे, महागाचं. आता तिच्या पाठीवरून पाणी बघा कसं घसरते." हा निरोप मी सुनेला दिला नाही.

नवरा गेल्यावर मुलाने मला अमेरिकेत सांता क्लाराला बोलावून घेतलं. साल दोन हजार एक. मी पोचले आणि पुढच्याच महिन्यात त्याची कंपनी बंद पडली. तेव्हा तिकडे सगळ्यांचंच तसं चाललं होतं. घराचे हप्ते होते, म्हणून मागची खोली भाड्याने दिली. तिला वेगळं दार होतं, पण स्वयंपाकघर एकच. खोली बघायला आली ती कुबड्या टाकत. मुलगा इंग्रजीत बोलत होता. मी मध्येच सुनेला म्हटलं, "हिला पायऱ्या जमतील का विचार." तर तीच म्हणाली, "जमतात ना, मावशी. तुमच्यापेक्षा लवकर चढते. पैज लावून राहिल्या का?"

नागपूरची होती. चौदाव्या वर्षी मांडीच्या हाडात गाठ आली, तेव्हा अमेरिकेतल्या काकाने इकडे आणलं. डॉक्टरांनी पाय काढला, जीव वाचला. मग काका म्हणाला, आता शाळाही इथेच कर. ती परत गेलीच नाही. तिकडे आईने नातेवाइकांना सांगितलं, पोरगी अमेरिकेत शिकतेय. पायाचं कुणाला सांगितलं नाही. लेकीला बघायला आईही कधी आली नाही आणि लेकीलाही येऊ दिलं नाही. आधी धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं, नंतर भावाचं. सगळ्यांची लग्नं झाली तोवर येण्याजाण्याची सवयच मोडली. हे सगळं तिने मला कोथिंबीर निवडता निवडता सांगितलं. रडली वगैरे नाही. निवडलेली कोथिंबीर बघितली तर दांडे तसेच होते, ते तेवढं मी सांगितलं.

तिचं मराठी चौदाव्या वर्षी थांबलं होतं. पुढचं सगळं आयुष्य इंग्रजीत गेलं. त्यामुळे चाळिशीला आलेली बाई शाळेतल्या पोरीसारखी बोलायची. खोटं बोलतेस म्हटलं तर "आईशप्पथ" आणि गळ्याला चिमटा. मुलगा चिडला की त्याच्या तोंडावर "चिडका बिब्बा!" हा तिशी उलटलेला इंजिनियर, नोकरी गेलेला, आणि त्याला ही चिडका बिब्बा म्हणायची. तो बिचारा तिला ताई म्हणायचा.

कामावर जाताना ती खोटा पाय लावायची. त्याला ती ऑफिसचा पाय म्हणायची. संध्याकाळी घरी आली की आधी तो काढून दाराच्या मागे उभा करून ठेवायची, जशी आपण छत्री ठेवतो. मग घरभर उड्या मारत हिंडायची. हातात चहाचा कप असला तरी उड्या मारत जायची, आणि थेंब सांडायचा नाही. तिला मदत केलेली चालायची नाही. एकदा ती मागच्या दारात घसरली, मी धावले, तर जमिनीवरूनच ओरडली, "हात लावू नका! मला पडता येते. तुम्हाला येते का?" आणि खरंच मला पडायला शिकवायला लागली. हात पुढे टेकवायचा नाही, कुशीवर जायचं, हनुवटी छातीला. मी म्हटलं, माझं वय पडायला शिकायचं नाही. ती म्हणाली, "मावशी, तुमचंच वय आहे." ते मात्र खरं होतं. मी शिकले नाही, तो भाग वेगळा.

मागच्या अंगणात मी मेथी लावली होती. पक्षी उगवू द्यायचे नाहीत. मी तिच्याजवळ कुरकुरले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तो वाफ्यावर दोऱ्या बांधलेल्या आणि दोऱ्यांना सोन्या-चांदीचे बिल्ले लटकवलेले. तिची मेडलं होती ती. वारा आला की फिरायची, चमकायची. सून बघून आ वासून उभी राहिली. "अहो ताई, ही मेडल्स आहेत! नॅशनलची!" ही म्हणाली, "चमकतात ना? झालं तर." पक्षी आले नाहीत. मेथी चांगली आली.

तिच्याबद्दल माझा सगळ्यात मोठा गैरसमज झाला तो पहिल्याच हिवाळ्यात. सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर ही टेबलाशी बसलेली. डोळे मिटलेले, दोन्ही मुठी पुढे धरलेल्या, अंग डावीकडे झुकतंय, उजवीकडे झुकतंय, तोंडातून हूं हूं असा आवाज. चहा समोर गार होत होता. आमच्या गावी मंगळवारी देवीच्या देवळात बायकांच्या अंगात यायचं, ते मी लहानपणापासून बघितलेलं. मला वाटलं, हिच्याही अंगात आलं. मी मुकाट्याने देवघरातलं कुंकू आणलं, तिच्या कपाळाला लावलं, पदर पसरला आणि विचारलं, "आई, माझ्या पोराला नोकरी कधी लागेल?"

ती डोळे न उघडता दातांतून म्हणाली, "थांबा. सहा झेंडे राहिले अजून."

मी समजले, सहा महिने. आनंदाने जाऊन सुनेला सांगितलं. नोकरी लागायला दीड वर्ष गेलं.

चहा पिताना तिच्या कपाळावरून कुंकू नाकावर सांडलं, तेव्हा उलगडा झाला. शर्यतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना झेंडे लावलेले असतात, त्यांच्यामधून वळत यायचं. "डोळे मिटून मी डोंगर उतरून राहिली होती, मावशी. रोज उतरते. पाठ करावा लागते." मला म्हणाली, तुम्ही देवी म्हणून पाया पडत असाल तर पडत जा, मला चालते.

पुढे मला तिचा तो उतार माझ्या जिन्याइतका माहीत झाला. आमच्यापासून चार तासांवरचा डोंगर होता, तिथल्या मोठ्या शर्यतीची वाट दरवर्षी तीच. भाजी चिरताना मी एक डोळा तिच्यावर ठेवायची. आधी डावीकडे, मग लांब उजवीकडे, मग अंग एकदम खाली, हनुवटी गुडघ्याला लावल्यासारखी, सरळ. त्यानंतर एक जागा होती, तिथे उतार तुटतो आणि माणूस काही वेळ हवेतच असतो. तिथे ती श्वास धरायची. मग चार-सहा वळणं आणि दोन्ही हात टेबलावर थाप मारून खाली. "आलीस का?" मी विचारायची. "आली." मग गार चहा एका दमात पिऊन टाकायची.

मराठी लोकांच्या गणपतीत एकदा तिचा सत्कार केला. कुठून तरी त्यांना कळलं होतं. शाल, नारळ, फुलं. एक गृहस्थ माइकवर बोलले, अपंग असूनही जिद्दीने वगैरे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बायका येऊन म्हणाल्या, "किती इन्स्पायरिंग ना!" आणि जेवायला बसताना आपापल्या मैत्रिणींकडे गेल्या. तिच्या टेबलाला आठ खुर्च्या होत्या. एकीवर ती, एकीवर मी, एकीवर शाल. तिने तीन वेळा मोदक आणून खाल्ले. घरी येताना म्हणाली, "मावशी, तो माणूस कोणाबद्दल बोलून राहिला होता?"

मी म्हटलं, "काय माहीत. मोदक चांगले होते."

तिला माणसं नव्हती असं नाही. डोंगरावर होती. टीममधली पोरं, एक म्हातारा कोच. पण ती हिवाळ्यातली माणसं. एप्रिल आला की ती आपापल्या गावी जायची आणि पुढल्या डिसेंबरपर्यंत एकाचाही फोन यायचा नाही. काका वारला होता. रविवारी संध्याकाळी ती आईला फोन करायची. खोलीचं दार उघडं असायचं. "हो. बरी आहे. तू? हो. थंडी आहे. ठेवू?" एवढंच. मग उड्या मारत बाहेर येऊन विचारायची, "मावशी, आज काय बनवून राहिल्या?"

आता गुडघ्याचं सांगते.

चौथ्या वर्षी थंडी पडायच्या आधी माझ्या लक्षात आलं की ही मागच्या दाराच्या तीन पायऱ्या बसून उतरते. कुणी बघत नाही असं बघून उतरायची. मी विचारलं नाही. एका संध्याकाळी तेल गरम करून तिच्या खोलीत गेले आणि म्हटलं, पाय दे. गावाकडे मी बाळंतिणी आणि तान्ही मुलं चोळायची, माझ्या हाताला सवय आहे. गुडघा सुजून पपईएवढा झाला होता. हलवला की आत वाळू भरल्यासारखा कुरकुरत होता. मी चोळलं. त्याने काही व्हायचं नव्हतं, हे मलाही कळत होतं आणि तिलाही.

डॉक्टरने तिला फोटो दाखवला होता. आतली गादी संपलेली, हाडावर हाड. रोजचं चालणं होईल, जपून राहिलीस तर बरीच वर्षं होईल. आणखी एक हिवाळा शर्यती केल्यास किंवा एकदा वाईट पडलीस तर हा पाय भार घेणार नाही. मग चाकांची खुर्ची. दुसऱ्या माणसाला एक गुडघा गेला तर दुसरा असतो. हिला तेवढाच होता.

आणि मार्चमध्ये निवडीची शर्यत होती. चार वर्षांनी एकदा जगभरच्या अशा माणसांचे मोठे खेळ होतात, त्यांच्यासाठी त्या डोंगरावर टीम निवडायची होती. त्या खेळांतलं चांदीचं मेडल माझ्या मेथीवर लटकलेलं होतं, पितळेसारखं दिसणारं तेही होतं. तिथलं सोन्याचं तिला एकदाही मिळालं नव्हतं. पुढल्या वेळेला तिचं वय उलटून गेलं असतं. म्हणजे हीच वेळ होती.

"जाणार?" मी विचारलं.

"जाणार ना. आता नाही तर कधी?"

कोचला तिने गुडघ्याचं अर्धंच सांगितलं. मला सगळं सांगितलं, कारण मी कुणाला सांगणार? मला तिकडची भाषाच येत नव्हती.

ती सकाळी टेबलाशी बसून डोळे मिटायची आणि मी भाजी चिरायची. फेब्रुवारीत मी बघितलं, ती पोचतच नव्हती. डावीकडे, लांब उजवीकडे, खाली वाकून सरळ, आणि ती जागा आली की हात तिथेच थांबायचे. मुठी हवेत. श्वास धरलेला. मग डोळे उघडून चहा प्यायची, जसं काही झालंच नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, आज कंटाळली असेल. पण रोज तेच.

"आलीस का?" मी विचारलं.

"आली."

"नाही आलीस. तू तिथेच थांबतेस."

"काहीही काय बोलून राहिल्या? तुम्हाला काय समजते त्यातलं?"

"मला त्यातलं समजत नाही. पण थाप मारलीस की कप हलतो. आठ दिवस झाले, कप हलला नाही."

ती चिडली. माझा गुडघा, माझा डोंगर, म्हणाली. मी म्हटलं, "बरं. पडलीस तर?"

"पडली तर उठते. आयुष्यभर तेच करून राहिली."

"या गुडघ्यावर पडलीस तर उठणार नाहीस. मग तुला संडासावरून उचलणार कोण?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी काहीतरी पुढे बोलेन असं तिला वाटलं असावं. मी आहे की, असं काहीतरी. मी बोलले नाही. साठी उलटलेली, कंबर धरलेली बाई मी, मुलाच्या घरात राहणारी. तो जिथे जाईल तिथे मी जाणार. तिला कोणत्या तोंडाने शब्द देऊ? खोटा शब्द देण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

"कट्टी," ती म्हणाली. करंगळी दाखवून म्हणाली. हसायला आलं असतं, पण तिचा चेहरा हसण्यासारखा नव्हता.

कट्टी म्हणजे खरोखर कट्टी. मार्चपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मी तिच्या दाराशी ताट ठेवायची, ते धुऊन परत यायचं. सकाळी टेबलाशी बसणं तिने बंद केलं. खोलीतच काय ते करत असेल.

शर्यतीच्या आदल्या दिवशी ती मुलाला म्हणाली, "भाऊ, उद्या मला सोडशील का? चार तास ड्राइव्ह करून गुडघा खराब करायचा नाही." तो हो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता भिंतीला सांगितल्यासारखी म्हणाली, "कोणाला यायचं असेल तर गाडीत जागा आहे."

पहाटे निघालो. बर्फ मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला आणि मला काही तो आवडला नाही. डोळे दिपतात आणि पाय ओले होतात. सुनेचे बूट मला मोठे होत होते. पण तिथली माणसं मी विसरले नाही. एकाला दोन्ही पाय नव्हते, तो एका फळीवर बसवलेल्या खुर्चीतून येत होता. एका मुलीला दिसत नव्हतं, ती पुढच्या माणसाच्या आवाजाच्या मागे येत होती. आणि कुणी कुणाकडे वळून बघत नव्हतं. सांता क्लारात आमची ही भाजी आणायला गेली तरी लोक बघायचे, मग बघितलं नाही असं दाखवायचे. इथे ती बर्फावरून स्वतःच्या अंगणातून जावं तशी गेली. जाताना माझ्या डोक्यावरची टोपी खाली माझ्या कानांवर ओढली. बोलली नाही.

आम्ही खाली उभे होतो. तिथून वाटेचा खालचा भाग दिसायचा, आणि ती उतार तुटतो ती जागा अगदी समोर. मी न सांगता ओळखली. कर्ण्यावरून तिचं नाव पुकारलं, लोक ओरडले. तिला सगळे ओळखत होते. मग वर एक ठिपका दिसला आणि तो मोठा होत आला. खाली वाकलेली, कुबड्या काखेशी, एक पाय, एक फळी. इतक्या वेगात मी तिला कधी पाहिली नव्हती. मी तिला कधी पाहिलीच नव्हती, खरं म्हणजे. टेबलाशी बसलेली पाहिली होती.

ती जागा जवळ आली आणि ती उभी राहिली.

पडली नाही. वाकलेली होती ती सरळ झाली, फळी आडवी केली, बर्फाचा फवारा उडाला आणि झेंड्यांच्या बाहेर जाऊन थांबली. एक कुबडी वर करून दाखवली, म्हणजे मी ठीक आहे. आजूबाजूचे लोक आ... करून गप्प झाले.

"आई, काय झालं? पडली नाही ना?" मुलगा म्हणाला.

"नाही," मी म्हटलं. "थांबली."

तिच्या बाजूने पुढची पोरगी गेली, त्या जागेवरून उडाली आणि खाली पोचली. लोक पुन्हा ओरडले. मग ही कडेकडेने, वळणं घेत, जेवणानंतर शतपावली करावी तशी हळू खाली आली. म्हातारा कोच धावत तिच्याकडे गेला. तिने मान हलवली. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, दोन शब्द बोलला आणि परत वर बघायला लागला, कारण त्याची आणखी दोन पोरं यायची होती. त्याचं काही चुकलं नाही.

गाडीत बसल्यावर मी धपाटी आणि दह्याची वाटी तिच्या हातात दिली. तिने खाल्लं. बर्फ संपला, खाली हिरवे डोंगर लागले, तेव्हा ती म्हणाली, "मावशी, बट्टी."

"बरं."

"मी भ्यायली नाही. आईशप्पथ."

"मी म्हटलं का भ्यायलीस म्हणून?"

तिने वाटीतलं उरलेलं दही बोटाने चाटलं. मग म्हणाली, "तुम्ही विचारलं ना, कोण उचलेल. तर वरून निघाल्यापासून मी नावं घेऊन राहिली होती. एक झेंडा, एक नाव. हा उचलेल. नाही, हा नाही. दुसरा झेंडा, दुसरं नाव. तिथवर पोचली आणि नावं संपली."

मुलगा पुढे बघून गाडी चालवत होता. माझं नाव त्यात होतं का, हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. तिने आणखी एक धपाटं मागितलं.

ती पुन्हा बर्फात गेली नाही. लोकांना वाटतं की माणसाने असं काही सोडलं की त्या जागी दुसरं काही येतं. आलं नाही. पुढल्या हिवाळ्यात डोंगरावरच्या माणसांचेही फोन थांबले. तिला शनिवार-रविवारचं काय करावं ते कळेना. सकाळी उठून कपडे करून टेबलाशी येऊन बसायची, मेथी निवडू का विचारायची. जाडी झाली. ते मोठे खेळ टीव्हीवर तिकडे दाखवलेच नाहीत, ते एक बरं झालं. गुडघा मात्र राहिला. सूज उतरली, पायऱ्या उभी राहून उतरायला लागली. मी कधी तिला विचारलं नाही की पस्तावतेस का. विचारून काय करायचं होतं? दोन्हीपैकी कुठलंही उत्तर दिलं असतं तरी माझ्याजवळ त्याला औषध नव्हतं.

दोन हजार आठमध्ये मुलाच्या कंपनीत पुन्हा माणसं कमी करायला लागले. त्याने दुसऱ्या राज्यात, चँडलरला नोकरी धरली, घर विकायला काढलं. तिने कुठेतरी तळमजल्यावरची एक खोली घेतली. मी म्हटलं, मला आता चँडलर नको आणि काही नको, मी गावी जाते.

आपल्याकडच्या सगळ्या म्हाताऱ्या तिकडे विमानतळावर व्हीलचेअर मागून घेतात. पाय चांगले असतात, इंग्रजी नसतं. खुर्चीत बसलं की ढकलणारा माणूस थेट विमानाच्या दारापर्यंत नेऊन सोडतो, कुणाला काही विचारावं लागत नाही. मुलाने माझ्यासाठीही सांगून ठेवली होती. ती ऑफिसचा पाय लावून, कामावरून सुट्टी घेऊन आली होती. मला खुर्चीत बसलेली बघून तिथेच मोठ्याने हसली.

"मावशी, लाज नाही वाटत? दोन-दोन पाय आणि खुर्चीत बसून राहिल्या!"

"तू बोलू नको. ढकल."

मी चेष्टेने म्हटलं, पण तिने खरंच त्या ढकलणाऱ्या बाईला काहीतरी सांगितलं आणि खुर्ची स्वतः घेतली. ती बाई माझी पिशवी घेऊन बाजूने चालायला लागली. मुलगा आणि सून मागून सामान आणत होते. लोक बघत होते. खुर्चीला धरून चालणं तिला सोपं जात होतं असं मला वाटलं, कारण लय चांगली होती, ऑफिसच्या पायाचा एक टक आणि तिच्या पायाचा आवाजच नाही.

तपासणीच्या रांगेशी तिला थांबावं लागलं. पुढे तिकीट असलेल्यांनाच सोडतात. मुलगा पाया पडला, सून पडली. ही पडली नाही, तिला वाकता येत नव्हतं आणि मला ते नकोही होतं. समोर येऊन उभी राहिली.

"गुडघा?" मी विचारलं.

"आहे ना."

"जप."

"पोचल्या की फोन करा. रविवारी नका करू, रविवारी आईला करते."

"सोमवारी करीन."

ती बाई माझी खुर्ची घेऊन निघाली. तिला घाई होती, तिच्यामागे अजून दोन म्हाताऱ्या वाट बघत होत्या. मी वळून बघायला गेले, तर खुर्चीत बसलेल्या माणसाला मागे वळून बघता येत नाही. पाठीला पाठ लागलेली, मागे ढकलणारीचं पोट. थांब म्हणायला मला त्या बाईच्या भाषेत शब्द सुचला नाही. आमची ही तिथे रांगेशी किती वेळ उभी होती, ते मला माहीत नाही.